वडिलांचें घर आणि कराचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषण)

घर विकण्याचा प्रसंग मध्यमवर्गीय कुटुंबांत बहुधा एका पिढींत एकदांच येतो. आणि येतो तेव्हां तो सहसा आनंदाचा नसतो. वडील निवर्तलेले असतात, आईला जिने चढवत नाहींत, मुलें चार गांवीं पांगलेलीं असतात, आणि भिंतीवरच्या तसबिरी उतरवितांना प्रत्येकाचा कंठ दाटून येतो. अशा वेळीं कुटुंबाला थोडा धीर हवा असतो, थोडी सवड हवी असते. नेमक्या त्याच वेळीं प्राप्तिकराचा कायदा दारांत उभा राहतो आणि विचारतो : "हें घर १ एप्रिल २००१ या दिवशीं केवढ्याचें होतें?"

प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु त्या दिवशीं त्या घरांत कोणी कांहीं विकत नव्हतें कीं विकत घेत नव्हतें. सकाळीं दूध आलें असेल, दुपारीं आईनें पापड वाळत घातले असतील, संध्याकाळीं वडील कचेरींतून परत आले असतील. घराची किंमत कोणाच्या मनांतही आली नसेल. तरीसुद्धां त्या दिवशींच्या त्या न विचारलेल्या किंमतीवर आज लाखांचा हिशेब अवलंबून आहे.

हा हिशेब नीट समजण्यासाठीं एक कुटुंब कल्पावें. पुण्यांतील एका सहकारी गृहसंस्थेंत वडिलांनीं १९७८ सालीं एक लहानशी सदनिका घेतली. २०१९ सालीं ते मृत्युपत्र न करतां वारले. हिंदु वारसा कायद्याप्रमाणें त्यांची पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी हे चौघे समान हिश्श्याचे वारस झाले. थोरला मुलगा पुण्यांत, मुलगी नागपुरास, धाकटा अमेरिकेंत. इमारतीस उद्वाहक नाहीं. आई तिसऱ्या मजल्यावर. सर्वांचें एकच मत झालें कीं हें घर विकावें आणि त्या पैशांतून आईसाठीं तळमजल्यावरचें लहान घर घ्यावें. डिसेंबर २०२४ मध्यें सदनिका साठ लाख रुपयांस विकली गेली. भावाभावांत वाद नाहीं, बहिणीची तक्रार नाहीं. इतकें सरळ कुटुंब आणि इतका सरळ हेतु! आतां कायदा या सरळ गोष्टीचें काय करतो तें पाहावें.

हिंदुस्थानांत प्राप्तिकर प्रथम आला तो १८६० सालीं. सत्तावनच्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली होती आणि जेम्स विल्सन या अर्थसचिवानें हा कर सुचविला. परंतु तो कर प्राप्तीवरचा होता. घर किंवा जमीन विकून होणाऱ्या नफ्यावर कर बसविण्याचा विचार १९४७ च्या अंदाजपत्रकांत प्रथम अमलांत आला, लवकरच मागें घेतला गेला, आणि १९५७ पासून तो कर पुन्हां लागू झाला. त्यामागील तत्त्व न्यायाचें आहे. श्रम करून मिळविलेल्या पगारावर जर कर द्यावयाचा, तर जागेची किंमत आपोआप वाढून झालेल्या लाभावर कां देऊं नये? या प्रश्नास उत्तर देणें सोपें नाहीं.

मात्र त्यांतच एक दुसरा प्रश्न दडलेला आहे. १९७८ चा रुपया आणि आजचा रुपया एक नव्हे. घराची किंमत वाढली असें म्हणतांना पुष्कळदां रुपयाची किंमत उतरलेली असते. घर तेंच, खोल्या त्याच, भिंतींचा रंग मात्र उडालेला; आणि कागदावर नफा दिसतो पन्नास लाखांचा! हा अन्याय टाळण्यासाठीं १९९२ च्या अर्थविधेयकानें महागाईचा निर्देशांक आणला. घराच्या मूळ किंमतीस त्या निर्देशांकानें वाढवावें, ती वाढीव किंमत विक्रीच्या रकमेंतून वजा करावी, आणि उरेल त्यावर शेंकडा वीस कर घ्यावा, अशी पद्धत पुढें रूढ झाली. प्रारंभीं १९८१-८२ हें पायाभूत वर्ष होतें. २०१७ सालीं तें बदलून २००१-०२ केलें, त्या वर्षाचा अंक शंभर धरला, आणि त्यापूर्वीं घेतलेल्या घरांस १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरण्याची मुभा दिली. तसबिरी उतरविणाऱ्या कुटुंबास त्या एका दिवसाविषयीं प्रश्न विचारला जातो तो यामुळें.

येथवर हिशेब अवघड असला तरी समजण्यासारखा होता. २३ जुलै २०२४ रोजीं अंदाजपत्रक मांडलें गेलें, आणि त्यांत निर्देशांकाची पद्धतच काढून टाकण्यांत आली. कराचा दर विसांवरून साडेबारावर आणला. परंतु महागाईची वजावट गेली. ज्यांनीं पूर्वींच घरें घेतलीं होतीं त्यांच्यांत साहजिकच खळबळ उडाली. तेव्हां ऑगस्टमध्यें त्याच विधेयकांत दुरुस्ती झाली. २३ जुलै २०२४ च्या पूर्वीं घेतलेली जमीन किंवा इमारत विकणाऱ्या येथील रहिवासी व्यक्तीस आणि अविभक्त हिंदु कुटुंबास दोन्ही रीतींनीं हिशेब करून जो कर कमी येईल तेवढाच भरण्याची सवलत मिळाली. सवलत योग्यच होती. परंतु तिच्यामुळें एका हिशेबाच्या जागीं दोन हिशेब आले.

पुण्याच्या त्या सदनिकेवर ते दोन्ही करून पाहावे. समजा, १ एप्रिल २००१ रोजीं तिची किंमत दहा लाख रुपये ठरली. २०२४-२५ चा निर्देशांक ३६३ होता. म्हणजे वाढीव किंमत झाली ३६ लाख ३० हजार. साठ लाखांतून ती वजा जातां नफा उरला २३ लाख ७० हजार, आणि त्यावर शेंकडा वीस प्रमाणें कर ४ लाख ७४ हजार. आतां दुसरी रीत. साठांतून दहा गेले, पन्नास लाख उरले. त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ६ लाख २५ हजार. अर्थात् पहिली रीत फायद्याची. या दोन्ही रकमांवर शेंकडा चार उपकर निराळा.

परंतु मूल्यनिर्धारकानें २००१ ची किंमत दहा लाखांऐवजीं पांच लाख ठरविली, तर सारें चित्र पालटतें. वाढीव किंमत १८ लाख १५ हजार, नफा ४१ लाख ८५ हजार, विसांच्या दरानें कर ८ लाख ३७ हजार. आणि साडेबाराच्या दरानें ६ लाख ८७ हजार ५००. आतां दुसरी रीत बरी. साधारण मान असें कीं २००१ नंतर घराची किंमत आठपटींहून अधिक वाढली असेल तर साडेबारा टक्क्यांची रीत हलकी पडते, कमी वाढली असेल तर जुनी. हें एक वाक्य ज्या गृहस्थास माहीत आहे त्याचा अर्धा गोंधळ मिटतो; पण त्याला तें सांगणार कोण?

शिवाय ती किंमत मनास येईल ती धरतां येत नाहीं. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल हाताशीं असावा लागतो. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर, मुद्रांकशुल्कासाठीं त्या दिवशीं सरकारनें धरलेली किंमत उपलब्ध असेल तर तिच्यापलीकडे जातां येत नाहीं. तेव्हां जुनें करारपत्र, गृहसंस्थेचें भागपत्र आणि पंचवीस वर्षांपूर्वींचे सरकारी दरांचे तक्ते शोधीत थोरल्या मुलाला रजा काढून हिंडावें लागतें.

याहून नाजूक प्रश्न वारसांचा आहे. घर वडिलांनीं घेतलें. मुलांकडे तें २०१९ मध्यें आलें. मग निर्देशांक कोणत्या वर्षापासून मोजावयाचा? कायद्याच्या अक्षराकडे पाहिलें तर ज्या वर्षीं विकणाराच्या हातीं मालमत्ता आली त्या वर्षापासून. २०१९-२० चा निर्देशांक २८९ होता. त्या मापानें दहा लाखांचे होतात जेमतेम साडेबारा लाख, आणि विसांच्या दरानें कर जातो ९ लाख ४९ हजारांच्या घरांत. जुन्या रीतीचा सारा लाभ नाहींसा! भेट म्हणून मिळालेल्या एका सदनिकेच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें २०११ सालीं निर्णय दिला कीं मालमत्ता पहिल्या मालकाकडे आली त्या वर्षापासूनच निर्देशांक मोजला पाहिजे. कुटुंबांच्या दृष्टीनें हा निर्णय मोठ्या आधाराचा आहे. परंतु कायद्याचा अर्थ कायद्याच्या पुस्तकांत न सांपडतां निवाड्यांच्या ग्रंथांत शोधावा लागणें, ही सामान्य गृहस्थाच्या दृष्टीनें कांहीं लहान अडचण नव्हे.

आतां धाकट्या मुलाकडे वळावें. त्याचा हिस्सा इतरांइतकाच, पंधरा लाखांचा. परंतु तो येथील रहिवासी नाहीं. म्हणून दोहोंपैकीं कमी कर निवडण्याची सवलत त्याला नाहीं. पुण्याच्या भावास जेथें १ लाख १८ हजार ५०० कर बसतो, तेथें त्याच बापाच्या, त्याच घराच्या, तेवढ्याच हिश्श्यावर अमेरिकेंतील भावास १ लाख ५६ हजार २५० बसतो. खरेदीदारही त्याच्या हिश्श्याकडे निराळ्या नजरेनें पाहतो. व्यवहार पन्नास लाखांचा किंवा अधिक असला म्हणजे येथील रहिवासी विक्रेत्याच्या रकमेंतून एक टक्का कर कापून सरकारांत भरला कीं त्याचें काम झालें. परदेशस्थ विक्रेत्याच्या रकमेंतून मात्र त्याला कितीतरी अधिक दरानें कर कापावा लागतो, आणि कमी कापावयाचा तर प्राप्तिकर अधिकाऱ्याचा दाखला आधीं मिळवावा लागतो. तो दाखला येईपर्यंत खरेदीदार थांबेलच असें नाहीं. मग भाऊ एकमेकांस दूरध्वनीवर विचारूं लागतात : "तुझ्यामुळें व्यवहार अडला काय?" ज्या घरांत कधीं भांडण नव्हतें तेथें हा पहिला कठोर शब्द येतो, आणि त्याचा जनक कोणी भाऊ नसून एक कलम असतें.

परंतु या गोष्टींतील सर्वांत विचार करण्याजोगा भाग पुढेंच आहे. राहतें घर विकून दुसरें घर घेणारावर कर बसूं नये, अशी उदार तरतूद कायद्यांत आहे. १९६१ च्या कायद्याचें ५४ वें कलम तें हेंच. आणि १ एप्रिल २०२६ पासून अमलाची तारीख ठरलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यानें कलमांचे क्रमांक बदलले तरी ही सवलत सोडलेली नाहीं. विक्रीपूर्वीं एक वर्षाच्या आंत किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आंत दुसरें घर विकत घ्यावें, अथवा तीन वर्षांच्या आंत बांधावें. नफ्याची जेवढी रक्कम त्यांत घातली तेवढ्यावर कर नाहीं. विवरणपत्राची मुदत येईपर्यंत घर मिळालें नाहीं तर ती रक्कम १९८८ च्या योजनेप्रमाणें बँकेंत भांडवली नफ्याच्या खास खात्यांत ठेवावी लागते. अनेक गृहस्थ ती साध्या मुदतठेवींत ठेवतात आणि सवलतीस मुकतात.

आतां त्या कुटुंबाचा हेतु आठवावा. चौघांचे मिळून आलेले पैसे आईच्या घरासाठीं वापरावयाचे होते. विक्री झाली, मुलांनीं आपापले हिस्से आईच्या स्वाधीन केले, तिच्या नांवानें तळमजल्यावरचें घर घेतलें गेलें. सर्वांस वाटलें, घराचें घर झालें, कर कसला? परंतु कायद्याच्या दृष्टीनें विकणारे चार होते आणि घेणारी एक. आईच्या हिश्श्याला सवलत मिळाली. मुलांनीं आईला दिलेला पैसा ही भेट ठरली; त्यांनीं स्वतः घर घेतलें नाहीं म्हणून त्यांच्या नफ्यावर कर पुरा. पुण्याचा आणि नागपूरची यांचे मिळून २ लाख ३७ हजार, धाकट्याचे १ लाख ५६ हजार २५०. एकूण ३ लाख ९३ हजार २५० रुपये, आणि वर उपकर.

हेंच कुटुंब विक्रीच्या आधीं एखाद्या जाणत्या सल्लागाराकडे गेलें असतें तर त्यानें सांगितलें असतें कीं प्रथम तिघां भावंडांनीं आईच्या नांवें हक्कसोडपत्र करून द्यावें, मग आईनें एकटीनें घर विकावें आणि एकटीनें नवें घ्यावें. नवें घर पन्नास लाखांचें किंवा अधिकाचें असतें तर कर एक पैही पडता ना. किंवा हक्क सोडावयाचे नसतील तर नव्या घराच्या खरेदीखतावर चौघांचींही नांवें आपापल्या रकमेच्या प्रमाणांत घालतां आलीं असतीं आणि प्रत्येकास आपल्या रकमेपुरती सवलत मागतां आली असती. तीच माणसें, तोच पैसा, तेंच घर, तोच हेतु. फरक एवढाच कीं एक कागद आधीं झाला कीं मागून झाला; आणि त्या मागेंपुढें होण्याची किंमत चार लाख रुपये!

गुंतागुंतीचा खरा भार कोणता याचें उत्तर येथें मिळतें. कराचा दर हा भार उघड असतो. तो सर्वांस दिसतो, त्यावर लोकसभेंत चर्चा होते. गुंतागुंतीचा भार दिसत नाहीं. तो सर्वांवर सारखाही पडत नाहीं. ज्याच्या पदरीं हिशेबनीस आणि वकील आहेत त्याला कायद्याची प्रत्येक वाट माहीत असते. त्याला तो चक्रव्यूह नसून वहिवाटीचा रस्ता असतो. ज्याच्या आयुष्यांत असा व्यवहार एकदांच येतो त्याला मात्र शिकण्याची दुसरी संधि नाहीं. म्हणजे जो कर श्रीमंतांवर अधिक पडावा अशी योजना, तो प्रत्यक्षांत अनभिज्ञांवर अधिक पडतो.

सरकारची बाजू येथें विसरतां कामा नये. हीं कलमें कोणी लहरीखातर लिहिलेलीं नाहींत. घरांच्या व्यवहारांत खरी किंमत लपवून कांहीं रक्कम चोरून देण्याघेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. ती मोडण्यासाठीं मुद्रांकशुल्काच्या सरकारी दराहून विक्रीची किंमत फार कमी दाखविली तर सरकारी दरच खरी किंमत समजावी, असा नियम झाला; आणि प्रामाणिक व्यवहाराचाही भाव कधीं कमी येतो हें ध्यानांत घेऊन पुढें दहा टक्क्यांपर्यंतचा फरक क्षम्य ठरला. परदेशीं गेलेल्या विक्रेत्याकडून मागाहून वसुली कठीण, म्हणून आधींच कापून घेण्याची तजवीज झाली. सवलतींचा दुरुपयोग होऊं लागला म्हणून २०२३ च्या अर्थविधेयकानें त्यांस दहा कोटींची मर्यादा घातली. प्रत्येक कलमामागें कोणी तरी केलेली एखादी लबाडी असते. परंतु लबाडांसाठीं विणलेल्या जाळ्यांत लबाड कितीसे सांपडतात, आणि साधे जीव किती अडकतात, याचाही हिशेब राज्यकर्त्यांनीं ठेवला पाहिजे.

अॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञानें १७७६ सालीं करांच्या चार कसोट्या सांगितल्या. त्यांतील एक निश्चिततेची : किती द्यावयाचें, केव्हां द्यावयाचें आणि कसें द्यावयाचें हें देणारास स्पष्ट कळलें पाहिजे. या कसोटीवर घरविक्रीच्या कराचा हा भाग उतरत नाहीं. कर भरण्यास तयार असलेला मनुष्यही आपला कर किती हें स्वतः सांगूं शकत नाहीं. एरवीं जो पेन्शनर 'सहज' या नांवाचें सोपें विवरणपत्र स्वतः भरतो, त्यालाही घर विकलेल्या वर्षीं तें वापरतां येत नाहीं. मोठें विवरणपत्र भरावें लागतें.

उपाय अशक्य कोटींतले नाहींत. १ एप्रिल २००१ ची घराची किंमत कोणती धरावी, हें प्रत्येक वस्तीसाठीं सरकारनेंच एकदां जाहीर करावें, म्हणजे अहवालांची धांवपळ संपेल. वारसांच्या बाबतींत निर्देशांक कधींपासून मोजावा तें कायद्यांतच एका वाक्यांत लिहावें. मुलांनीं आपल्या हिश्श्याचा पैसा आईवडिलांच्या राहत्या घरांत घातला तर त्यांसही सवलत द्यावी. त्यांत तिजोरीचें मोठें नुकसान नाहीं आणि समाजाच्या एका चांगल्या चालीस मान आहे.

आणि कायदा बदलेपर्यंत कुटुंबांनीं काय करावें? घराचे जुने कागद एका ठिकाणीं ठेवावे. वडील हयात आहेत तोंच मृत्युपत्राची गोष्ट संकोच न करतां काढावी. मोठी दुरुस्ती केली, खोली वाढविली, तर त्याच्या पावत्या जपाव्या, कारण तो खर्चही वजा होतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे सल्ला घ्यावयाचा तो विसार घेण्यापूर्वीं घ्यावा. विवरणपत्र भरण्याच्या आदल्या रात्रीं नव्हे. विक्री होऊन गेल्यावर सल्लागार फक्त कर मोजूं शकतो. तो वाचविण्याची वेळ टळलेली असते.

तळमजल्यावरच्या नव्या घरांत आई आतां राहते. दाराशीं तुळस आहे, जिना चढावा लागत नाहीं. मुलांनीं भरलेल्या कराची तिला कोणी वार्ता दिलेली नाहीं. दिली तर ती एवढेंच म्हणेल कीं मला हें घर नको होतें. तिला असें म्हणावें लागूं नये, एवढी अपेक्षा राष्ट्राच्या कायद्याकडून ठेवणें ही फार मोठी मागणी नव्हे.